'प्युनिक' आणि 'गनिमी' : शत्रूने दिलेल्या दोन विशेषणांचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात शिवकालीन युद्धनीती शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गनीम म्हणजे शत्रू असेल, तर आपल्याच युद्धपद्धतीला आपण 'गनिमी' कावा का म्हणतो?" त्या वेळी प्रस्तुत लेखकाने 'गनिमी' हा 'गेरिला' या शब्दाशी मिळताजुळता शब्द असावा, असे घाईचे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते. 'गेरिला' हा शब्द 'लहान युद्ध' या अर्थाचा स्पॅनिश शब्द असून १८०८ ते १८१४ या काळात स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांविरुद्ध झालेल्या लढ्यानंतर तो युरोपभर रूढ झाला. 'गनीम' हा शब्द मात्र अरबी-फारसी परंपरेतून आलेला असून दख्खनमध्ये तो त्याच्या फार पूर्वीपासून वापरात होता. दोहोंतील ध्वनिसाम्य हा केवळ योगायोग होय.

चुकीचे उत्तर दुरुस्त करण्यासाठी शोध घेत असताना प्राचीन रोमच्या इतिहासातील 'प्युनिक' हे विशेषण आठवले. 'प्युनिक युद्धे' हा शब्दप्रयोग आपण जगाच्या इतिहासाच्या अध्यापनात वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. परंतु या विशेषणाचा अर्थ काय, ते कोणी कोणाला दिले आणि ज्यांना दिले त्यांना ते मान्य होते काय, हे प्रश्न वर्गात सहसा विचारले जात नाहीत. 'प्युनिक' आणि 'गनिमी' ही दोन्ही विशेषणे प्रतिपक्षाने दिलेली आहेत. दोहोंनाही कपटाच्या आरोपाची छटा आहे. मात्र एक विशेषण दोन हजार वर्षे निंदावाचक राहिले, तर दुसरे ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्याच भाषेत गौरववाचक झाले. हा फरक का पडला, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) 'प्युनिक' या विशेषणाची व्युत्पत्ती व अर्थच्छटा स्पष्ट करणे.
२) 'गनिमी' या विशेषणाचा मराठीतील अर्थबदल तपासणे.
३) विशेषणाचा अर्थ आणि इतिहाससाधनांची मालकी यांतील संबंध दाखविणे.

'प्युनिक' शब्दाची घडण :

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील टायर, सिडॉन इत्यादी नगरांतील दर्यावर्दी व्यापाऱ्यांना ग्रीक लोक 'फिनिकेस' म्हणत. याच ग्रीक शब्दाला 'जांभळट तांबडा रंग' असाही अर्थ आहे. टायरचा शंखापासून काढलेला जांभळा रंग प्रसिद्ध असल्याने लोकांचे नाव रंगावरून पडले की रंगाचे नाव लोकांवरून पडले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रोमनांनी हाच शब्द घेऊन 'पोएनुस' हे नाम आणि 'पुनिकुस' हे विशेषण तयार केले. लॅटिनमधील 'पुनिकेउस' म्हणजे तांबडा, हा शब्दही त्याच कुळातील होय.

टायरच्या लोकांनी परंपरेनुसार इ.स.पू. ८१४ मध्ये आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर 'कर्त-हदश्त' हे नगर वसविले. या नावाचा अर्थ 'नवे नगर' असा आहे. रोमनांच्या तोंडी त्याचे 'कार्थागो' झाले आणि आपण त्याला कार्थेज म्हणतो. ग्रीक व रोमन लेखक पूर्वेकडील फिनिशियन व पश्चिमेकडील कार्थेजकर यांच्यात शब्दाने भेद करीत नसत. आधुनिक अभ्यासकांनी मात्र सोयीसाठी अशी विभागणी केली की, पूर्वेकडील ते 'फिनिशियन' आणि साधारणतः इ.स.पू. सहाव्या शतकानंतरचे पश्चिम भूमध्य समुद्रातील ते 'प्युनिक'. म्हणजेच आपण ज्या अर्थाने हा शब्द आज शिकवितो, तो अर्थ अर्वाचीन विद्वानांनी घडविलेला आहे.

कार्थेजचे लोक स्वतःला 'प्युनिक' म्हणवीत नव्हते. त्यांच्या शिलालेखांत व्यक्तीची ओळख पित्याचे व पूर्वजांचे नाव आणि नगर यांवरून दिलेली आढळते. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस हिप्पो येथील ऑगस्टीन यांनी लिहून ठेवले आहे की, त्यांच्या भागातील शेतकऱ्यांना 'तुम्ही कोण' असे विचारले असता ते आपल्या भाषेत 'कनानी' असे उत्तर देतात. या पाठाबद्दल अभ्यासकांत वाद असला, तरी नाव सांगण्यासाठी ते रोमन शब्द वापरत नाहीत ही गोष्ट लक्षणीय आहे. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकीय संशोधनानुसार पश्चिमेकडील प्युनिक वसाहतींतील लोकांच्या वंशात पूर्व किनाऱ्याचा वाटा अत्यल्प होता. सिसिली, एजियन प्रदेश व उत्तर आफ्रिका येथील लोक त्यांत मोठ्या प्रमाणावर मिसळलेले होते. तात्पर्य, 'प्युनिक' ही भाषा, धर्माचार व व्यापारी संबंध यांनी जोडलेली संस्कृती होती. तिला एका वंशाचे नाव देणे हे बाहेरच्यांचे सुलभीकरण होय.

विशेषणातून निवाडा :

रोम व कार्थेज यांच्यात इ.स.पू. २६४-२४१, २१८-२०१ आणि १४९-१४६ अशी तीन युद्धे झाली. ही युद्धे ज्याच्या बाजूने सांगितली जातात, त्याच्या शत्रूचे नाव युद्धाला मिळते. कार्थेजचा इतिहासकार उरला असता, तर हीच युद्धे 'रोमन युद्धे' म्हणून शिकविली गेली असती.

या संघर्षातून लॅटिन भाषेत 'पुनिका फिदेस' म्हणजे 'प्युनिक वचन' हा वाक्प्रचार रूढ झाला. अर्थ असा की, मोडण्यासाठीच दिलेले वचन. इतिहासकार सॅलस्ट याने इ.स.पू. पहिल्या शतकात हा शब्दप्रयोग मॉरेटानियाचा राजा बोकस याच्यासंबंधी केला आहे. बोकस हा कार्थेजकर नव्हता आणि कार्थेज नष्ट होऊनही तेव्हा शंभर वर्षे उलटली होती. यावरून हे विशेषण लोकसमूहापासून सुटून एका दुर्गुणाचे नाव झाले होते, हे दिसून येते. लिव्हीने तर हॅनिबॉलचे वर्णन करताना त्याच्या विश्वासघातकीपणाचे मोजमाप करण्यासाठी 'प्युनिक' हेच परिमाण वापरले आहे.

प्रत्यक्षात वचनभंगाचा हिशेब मांडला, तर चित्र वेगळे दिसते. पहिल्या युद्धानंतर तह झालेला असताना आणि कार्थेज आपल्याच भाडोत्री सैनिकांच्या बंडाने जर्जर झालेले असताना रोमने इ.स.पू. २३८ च्या सुमारास सार्डिनिया बेट बळकावले व वर १२०० टॅलेंट अधिक खंडणी लादली. रोमविषयी आदर बाळगणाऱ्या पॉलिबियसनेही या कृतीला न्याय्य कारण नव्हते, असे मत नोंदविले आहे. इ.स.पू. १४९ मध्ये रोमने प्रथम ३०० ओलीस मागितले, नंतर शस्त्रे मागितली आणि कार्थेजने दोन्ही दिल्यावर नगर सोडून समुद्रापासून ८० स्टेडिया म्हणजे सुमारे १५ किलोमीटर आत जाऊन राहण्याची आज्ञा केली. समुद्रावर जगणाऱ्या नगराला ही आज्ञा म्हणजे मृत्युदंडच होता. तीन वर्षांच्या वेढ्यानंतर इ.स.पू. १४६ मध्ये नगर जाळण्यात आले. तथापि 'रोमन वचन' असा निंदावाचक वाक्प्रचार कोणत्याही भाषेत रूढ झाला नाही.

याचे कारण कार्थेजच्या ग्रंथालयांच्या वाताहतीत सापडते. प्लिनीच्या नोंदीनुसार कार्थेज पाडल्यावर तेथील ग्रंथ आफ्रिकेतील छोट्या राजांना वाटून टाकण्यात आले. अपवाद फक्त मागो याच्या शेतीविषयक २८ खंडांच्या ग्रंथाचा. त्याचे लॅटिन भाषांतर करावे, असा ठराव रोमन सीनेटने केला. म्हणजे जेत्यांना कार्थेजच्या शेतीचे ज्ञान हवे होते, त्यांची बाजू नको होती. आज मागोचा ग्रंथही केवळ इतरांच्या अवतरणांतून ज्ञात आहे.

विशेषणाचा असाच निरुपद्रवी भासणारा अवशेष वनस्पतिशास्त्रात टिकून आहे. रोमनांना डाळिंब कार्थेजच्या परिसरातून मिळाले, म्हणून ते त्याला 'प्युनिक फळ' म्हणत. लिनियसने १७५३ साली त्यावरूनच 'प्युनिका ग्रॅनॅटम' हे शास्त्रीय नाव दिले. वस्तुतः डाळिंबाचे मूळ इराणपासून उत्तर भारतापर्यंतच्या पट्ट्यात मानले जाते. सोलापूर जिल्ह्यातील 'भगवा' वाणाच्या डाळिंबालाही आपल्या वनस्पतिशास्त्र विभागातील सहकारी फळ्यावर 'प्युनिका' असेच लिहितात. जेत्याचा गैरसमज शास्त्राच्या भाषेत शिरला की तो किती दूरपर्यंत प्रवास करतो, याचे हे उदाहरण होय.

'गनीम' ते 'गनिमी कावा' :

'गनीम' हा शब्द 'लूट' या अर्थाच्या अरबी 'गनीमत' शब्दाच्या कुळातील असून फारसीत त्याला लुटारू, शत्रू असे अर्थ प्राप्त झाले. औरंगजेबकालीन फारसी तवारिखा व अखबारांमध्ये मराठी फौजांचा उल्लेख 'गनीम' असा येतो. त्यात केवळ शत्रुत्व नव्हते. समोरासमोर न लढता रसद तोडणारा, लूट घेऊन निघून जाणारा, अर्थात राजसत्तेचा दर्जा नसलेला प्रतिपक्ष, अशी अवहेलना त्यात होती. 'कावा' या शब्दाचा एक अर्थ घोड्याला वर्तुळात फिरविणे, चक्कर देणे असा आहे. त्यावरून हुलकावणी, डाव हा अर्थ सिद्ध झाला. अशा रीतीने 'गनिमी कावा' म्हणजे शब्दशः शत्रूची हुलकावणी. मोगल छावणीच्या दृष्टीने हा शब्दप्रयोग तंतोतंत आहे. मराठ्यांच्या दृष्टीने तो उलटा आहे. वर्गातील विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

ही युद्धपद्धती शिवकालापूर्वीही ज्ञात होती. मलिक अंबराने (मृत्यू १६२६) मराठी हलक्या घोडदळाच्या साह्याने मोगलांना याच रीतीने त्रस्त केले होते. शिवछत्रपतींनी तिला किल्ल्यांची जोड व राज्यस्थापनेचे उद्दिष्ट दिले. छत्रपती राजारामांच्या काळात संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी ती पूर्णत्वास नेली.

मराठी भाषेत 'गनीम' हा शब्द सामान्यतः शत्रू या अर्थाने रुजला. मराठी पत्रव्यवहारात मोगलही गनीम असू शकतात. विशेषण मात्र वेगळ्या वाटेने गेले. पानिपतच्या युद्धासंबंधीच्या (१४ जानेवारी १७६१) मराठी लेखनात जुन्या सरदारांच्या पसंतीची 'गनिमी' लढाई आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर विसंबून गोल बांधून करावयाची लढाई, अशी दोन पद्धतींची तुलना येते. येथे 'गनिमी' या शब्दात निंदा उरलेली नाही. तो आपल्या वडिलोपार्जित कसबाचे नाव झाला आहे. नामाचा अर्थ 'तो, शत्रू' आणि विशेषणाचा अर्थ 'आपली, खास' असे हे विलक्षण द्वैत आजही कायम आहे. वर्तमानपत्रांत 'गनिमी काव्याने आंदोलन' असा मथळा येतो, तेव्हा त्यात कौतुकाचाच सूर असतो.

साधने कोणाच्या हाती? :

मराठ्यांवरही 'पुनिका फिदेस'सारखा शिक्का कायमचा बसण्याचा प्रसंग आला होता. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. परिश्रमपूर्वक लिहिलेल्या या ग्रंथात १० नोव्हेंबर १६५९ रोजीच्या अफजलखान वधाला विश्वासघाताचे स्वरूप देण्यात आले, तसेच मराठी सत्तेचा उदय सह्याद्रीत पेटलेल्या वणव्यासारखा आकस्मिक मानला गेला. लिव्हीच्या वाचकांना कार्थेजचे म्हणणे ऐकण्याची सोय नव्हती. डफच्या वाचकांना मात्र ती लवकरच उपलब्ध झाली. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने डफच्या ग्रंथावर टीका लिहून मराठी साधनांकडे लक्ष वेधले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वणव्याच्या उपपत्तीला उत्तर दिले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली व १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली.

हे शक्य झाले, याचे कारण १८१८ मध्ये राज्य गेले तरी दप्तरे जळाली नव्हती. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत, कुलकर्ण्यांच्या बस्तानांत मोडी कागद शिल्लक होते आणि ते वाचणारे लोक त्याच भाषेत बोलत होते. कार्थेजला हॅनिबॉल लाभला, परंतु राजवाडे लाभला नाही. दोन्ही विशेषणांच्या भवितव्यातील अंतर प्रामुख्याने येथे आहे.

'बर्गी' : आरशाची दुसरी बाजू :

या विवेचनावरून प्रत्येक निंदावाचक विशेषण ही केवळ जेत्याची बदनामी असते, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो 'बारगीर' व स्वतःचा घोडा बाळगणारा तो 'शिलेदार', हा भेद मराठी वाचकांस परिचित आहे. 'बारगीर' हा आपल्याकडे लष्करी हुद्दा होय. परंतु १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांमुळे बंगाली भाषेत 'बर्गी' हा भीतीचा शब्द झाला. गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' (१७५१) या बंगाली काव्यात त्या स्वाऱ्यांतील हालअपेष्टांचे वर्णन आहे. बंगालमधील अंगाईगीतातही बर्गी येतात. कलकत्त्याच्या रक्षणासाठी १७४२ मध्ये खोदण्यास घेतलेल्या खंदकाला 'मराठा खंदक' हेच नाव मिळाले. अखेर १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने चौथाईपोटी वार्षिक १२ लाख रुपये देण्याचे मान्य केले.

याच संघर्षात मार्च १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकर ऊर्फ भास्कर पंडित यांना अलीवर्दीखानाने वाटाघाटीसाठी मनकरा येथे बोलावून ठार केले. मराठ्यांच्या बाजूने पाहता वचनभंग नबाबाचा होता. बंगाली शेतकऱ्याच्या बाजूने पाहता 'बर्गी' या शब्दातील भीती ही कोणा दरबारी इतिहासकाराने रचलेली नव्हती, ती अनुभवलेली होती. 'गनिमी' या शब्दाचा अभिमान बाळगताना 'बर्गी' हा शब्दही आपल्याच पूर्वजांविषयी आहे, हे विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे. हॅनिबॉलच्या फौजा पंधरा वर्षे इटलीत वावरत होत्या. रोमन विशेषणातही त्या भीतीचा काही खरा अंश होताच.

साष्टीतील एक उदाहरण :

नाव लादले जाणे व नाव परत घेणे यांखेरीज नाव स्वतः निवडणे ही तिसरीही शक्यता असते. तिचे उदाहरण आपल्या परिसरातच आहे. वाकोला, कलिना व आसपासची गावठाणे ज्या साष्टी बेटावर आहेत, ते १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले. १७३७-३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी ते जिंकले आणि १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांनी घेतले. येथील मराठी बोलणाऱ्या कॅथलिक रहिवाशांना शेजारी 'फिरंगी' म्हणत, इंग्रज 'पोर्तुगीज' म्हणत. 'फिरंगी' हा शब्दही मुळात 'फ्रँक' या युरोपीय जमातीच्या नावावरून अरबी-फारसीमार्गे आलेला. पोर्तुगालशी वंशाने फारसा संबंध नसलेल्या या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, नोकऱ्यांच्या क्षेत्रात गोमंतकीय व मंगळुरी ख्रिस्ती बांधवांहून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. हे नावही जेत्याच्या भाषेतीलच होते. तरीसुद्धा ते सभा भरवून, संस्था स्थापून, स्वतः निवडलेले होते आणि आज ते या समाजाच्या बोलीचे, पाककृतींचे व गावठाणांवरील हक्कांचे नाव आहे. हिप्पोच्या शेतकऱ्यांना अशी संस्था व अशी सभा उपलब्ध नव्हती.

निष्कर्ष :

१) 'प्युनिक' हे कार्थेजच्या लोकांचे स्वतःचे नाव नसून ग्रीक-रोमन परंपरेने दिलेले नाव आहे. त्याचा आजचा शास्त्रीय अर्थ आधुनिक अभ्यासकांनी निश्चित केलेला आहे.

२) 'प्युनिक' शब्दाला चिकटलेला विश्वासघाताचा अर्थ घटनांच्या तुलनेतून सिद्ध होत नाही. तो टिकून राहिला, कारण त्याला उत्तर देणारी साधने नष्ट झाली.

३) 'गनिमी' हे विशेषणही प्रतिपक्षाच्या शब्दावरूनच घडलेले आहे. मराठ्यांनी ते आपल्या युद्धकौशल्याचे नाव म्हणून स्वीकारले. भाषा व दप्तरे जिवंत राहिल्यामुळे हा अर्थबदल टिकला.

४) 'बर्गी' या शब्दाचा विचार केल्याशिवाय 'गनिमी' या शब्दाचा अभिमान अपुरा व एकांगी राहतो.

५) अध्यापनात 'प्युनिक', 'गनीम', 'फिरंगी', 'यवन' असे शब्द येताच 'हे नाव कोणी, कोणाला व केव्हा दिले' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे इष्ट ठरेल. 'यवन' हा शब्द तर आपणच वापरलेला आहे. कार्ले येथील लेण्यांच्या शिलालेखांत यवन हे दान देणारे उपासक म्हणून येतात आणि उत्तरकालीन मराठीत तोच शब्द परधर्मीय शत्रूसाठी योजला जातो.

मोडी वाचणाऱ्यांची संख्या घटत असताना आणि गावोगावची खासगी दप्तरे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत असताना या निष्कर्षांचे महत्त्व केवळ शब्दार्थापुरते मर्यादित नाही. कार्थेजचे कागद शत्रूने नष्ट केले. आपले कागद आपल्या अनास्थेने नष्ट झाले, तर उद्या आपल्यासाठी कोणते विशेषण वापरले जाईल, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे राहणार नाही. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी मोडी वर्ग व स्थानिक कागदपत्रांचे संकलन हाती घेणे, हाच त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला दिलेला योग्य प्रतिसाद ठरेल.